मुलाखतीच्या टेबलावरून : आधी झिरो बघितला

गेल्या अंकात आम्ही वाचकांना मुलाखतीबद्दलच्या शंका पाठवायला सांगितल्या होत्या. पत्रं पुष्कळ आली. नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत मी ३१ वर्षं पर्सोनेल विभागात काढली. त्यातला मोठा काळ मुलाखतीच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसून गेला, म्हणून ही पत्रं संपादकांनी माझ्याकडे दिली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमलं नाही. पाच पत्रं निवडली आहेत.

मॅडम, मी पेठ तालुक्यातला. आयटीआय फिटर झालो आणि अंबडला एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस केली. आतापर्यंत चार मुलाखती दिल्या. ‘इंट्रोडक्शन द्या’ म्हणाले की पाठ केलेलं इंग्रजी बोलायला लागतो आणि मध्येच अडकतो. मग घाम फुटतो आणि पुढचं येत असूनही तोंडातून निघत नाही. माझ्याबरोबरची मुलं लागली. माझं इंग्रजी सुधारायला किती महिने लागतील?
— एक वाचक, पेठ

इंग्रजीचं नंतर बोलू. आधी मला सांग, त्या वर्षभरात अंबडला तू स्वतःच्या हाताने काय काय केलंस? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. मला काळजी वाटते ती ही, की मुलाखतीतही ती ओळ राहूनच जात असेल.

आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगते. एका सकाळी वीस-पंचवीस मुलं बोलावलेली असतात. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात. ‘माय सेल्फ अमुक, आय ॲम फ्रॉम तमुक, माय हॉबी इज क्रिकेट’ हे चौथ्या-पाचव्या मुलानंतर कानावरून नुसतं वाहून जातं. एकाच क्लासने शिकवलेलं, सगळ्यांचं सारखं. त्यात मुलगा कुठे दिसतच नाही. दुपारी चहा घेताना आम्ही यादी समोर ठेवून बोलायचो, तेव्हा कुणाचं इंग्रजी आठवायचं नाही. ‘तो मशीनचा गार्ड कसा बसवला ते सांगणारा’, ‘ती बॅचचं रिजेक्शन पकडणारी’ अशीच मुलं आठवायची.

२००६ च्या पावसाळ्यातला एक मुलगा मी अजून विसरलेले नाही. आमच्या पॅनेलवर टूलरूमचे एक साहेब असायचे. त्यांची एक पद्धत होती. खिशातून टर्निंग केलेली छोटी पिन काढायची, मायक्रोमीटरची पेटी शेजारी ठेवायची आणि विचारायचं, ‘याचा व्यास किती?’ त्या दिवशी सतरा मुलांनी पटकन मायक्रोमीटर उचलला, मोजलं आणि आकडा सांगितला. काहींनी तर इतक्या घाईने, जणू शर्यत होती. अठरावा मुलगा सुरगाण्याकडचा, अंगाने लहानखुरा. इंट्रोडक्शनमध्ये स्वतःचं नाव आणि गाव याच्या पुढे त्याची गाडी गेली नाही. त्याच्यापुढे पिन आली. त्याने खिशातून रुमाल काढला, पिन पुसली, मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसली, रिकामाच बंद करून बघितला आणि मान वर करून मराठीत म्हणाला, ‘सर, झिरो दोन घरं पुढे आहे. वजा करून सांगू का?’

मायक्रोमीटर रिकामा बंद केला की शून्य दिसायला हवं. साहेबांनी तो झिरो मुद्दाम बिघडवून ठेवला होता. दोन घरं म्हणजे ०.०२ मिलिमीटर. डोळ्यांना न दिसणारा फरक, पण तेवढ्याने जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, रिजेक्ट होतो. त्या मुलाला आम्ही आणखी दोनच प्रश्न विचारले, तेही त्याला बरं वाटावं म्हणून. निर्णय झालेला होता.

म्हणून तुला माझं सांगणं असं, की क्लास लावण्याआधी एक वही घे. वर्षभरात केलेली तीन कामं निवड. मोठी नकोत, पण तुझ्या हाताने झालेली हवीत. प्रत्येक काम असं लिहून काढ : काय बिघडलं होतं, मी आधी काय बघितलं, कुठलं हत्यार घेतलं, कुठे अडलो, शेवटी काय झालं. समज, तू कन्व्हेअरचं बेअरिंग बदललं असशील. तर ते असं सांगता आलं पाहिजे : ‘कन्व्हेअरचा आवाज यायला लागला होता. मेन स्विच बंद करून टॅग लावला. पुलर लावून जुनं बेअरिंग काढलं. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला, झिजलेला नव्हता. नवं बेअरिंग बसवताना सगळा जोर आतल्या रिंगवर दिला, बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली नाही. नंतर लक्षात आलं, की ग्रीसच पोचत नव्हतं, निपल बुजलं होतं. ते साफ केलं.’ हे दीड मिनिटाचं बोलणं आहे. यातले निम्मे शब्द इंग्रजी आहेत आणि ते तुला आधीच येतात. मधलं मराठी राहू दे. सुरुवातीलाच सरळ विचार, ‘सर, कामाबद्दल मराठीत सांगितलं तर चालेल का?’ नाशिकच्या कारखान्यांत फिटरच्या मुलाखतीला बसलेल्या सुपरवायझरने याला नाही म्हटलेलं मी क्वचितच ऐकलं.

इंग्रजी अजिबात नको, असं मात्र मी म्हणणार नाही. ड्रॉइंगवरच्या सूचना, मशीनवरची वर्क इन्स्ट्रक्शन आणि धोक्याची पाटी एवढं वाचता आलंच पाहिजे, कारण त्यात बोटं जायची किंवा वाचायची असतात. ते वाचन रोज पंधरा मिनिटं कर. बोलणं शॉप फ्लोअरवर आपोआप सुटतं.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. न येणाऱ्या प्रश्नाला कसं सामोरं जायचं? तीन पायऱ्या लक्षात ठेव : ‘मी हे केलं आहे’, ‘मी हे होताना पाहिलं आहे’, ‘मी हे फक्त पुस्तकात वाचलं आहे’. ज्या पायरीवर असशील ती प्रामाणिकपणे सांग. हायड्रॉलिक पॉवर पॅक उघडलेला नसताना ‘हो, केलंय’ म्हणालास, तर पुढच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडशील आणि मग आधीचं खरं बोललेलंही खोटं वाटायला लागेल. ‘पाहिलंय सर, सिनियर करत होते, मी हत्यारं देत होतो’ म्हणालास, तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकतो. त्याला शिकवता येण्यासारखं पोरगं सापडलेलं असतं. पण मूळ गोष्टींना ही सवलत नाही. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिलिमीटर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं.

घाम फुटला तर कागद-पेन माग. ‘काढून दाखवू का?’ म्हण. हात चालायला लागले की फिटरची जीभ सुटते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

ताई, माझं वय ३९. बी.कॉम. आहे. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स बघत होते. २०१५ मध्ये मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. आता ती मोठी झाली, मला पुन्हा काम करायचं आहे. दोन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या ठिकाणी ‘इतकी वर्षं घरीच होतात?’ म्हणाले. मला अपराध्यासारखं झालं. दुसरीकडे ‘घरी सासू-सासरे आहेत का? मुलीला कोण बघणार?’ असं विचारलं. मी नीट उत्तर न देताच उठून आले. आमच्या ४२ फ्लॅटच्या सोसायटीचा हिशेब सहा वर्षं मीच लिहिते, त्यात कधी चूक निघाली नाही, पण ते काही नोकरीत धरत नाहीत ना?
— एक वाचक, इंदिरानगर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्याला थांबले. ‘धरत नाहीत ना?’ असं तुम्ही विचारता. अहो, मी टेबलाच्या आत असते, तर मी तिथूनच मुलाखत सुरू केली असती!

४२ फ्लॅटचा हिशेब म्हणजे काय, ते मांडून बघा. दर महिन्याला ४२ बिलं आणि तितक्याच पावत्या. थकबाकीदारांची यादी आणि त्यांच्याकडे गोड बोलून वसुली. लिफ्टचं, वॉचमनचं, पाण्याच्या टँकरचं बिल. बँकेच्या पासबुकाशी मेळ. वर्षाअखेर ताळेबंद, ऑडिटरच्या शंका आणि सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेत चाळीस घरांच्या प्रश्नांना उत्तरं. हे तुम्ही सहा वर्षं केलंत. बायोडेटामध्ये २०१५ नंतर कोरी जागा ठेवू नका. तिथे लिहा : ‘गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, ४२ सदस्य, सहा वर्षं, प्रत्येक वर्षी ऑडिट पूर्ण.’ पगार मिळाला नाही म्हणून ते काम होत नाही, असं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

‘इतकी वर्षं घरीच?’ या प्रश्नाला दोन वाक्यं पुरतात. ‘मुलगी लहान होती म्हणून मी थांबले. त्यातली सहा वर्षं आमच्या सोसायटीचे हिशेब माझ्याकडे आहेत, त्याबद्दल सांगू का?’ आवाज खाली न आणता म्हणा. पहिल्या वाक्यात क्षमा मागायची नाही आणि कारणांची माळही लावायची नाही. दुसरं वाक्य बोलणं कामाकडे नेतं.

आता थोडं कडू सांगते, रागावू नका. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा व्हॅट होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि अकाउंट्सच्या टेबलावरचं रोजचं काम बदललं. सोसायटीच्या हिशेबात तुमचा त्याच्याशी फारसा संबंध आला नसेल. मुलाखत घेणाऱ्याची खरी शंका इथे असते, मुलीबद्दल विचारून तो कधीकधी तीच आडून चाचपत असतो. ही शंका आपण त्याच्या आधी उचलायची. दोन महिने कुठल्याही कर सल्लागाराच्या ऑफिसात अर्धा वेळ बसा, कमी पैशांतही चालेल. दर महिन्याला ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० तारखेपर्यंत ३बी (महिन्याच्या कराचा गोषवारा) कसा भरतात, खरेदीची बिलं २बी मधल्या (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणाऱ्या यादीतल्या) नोंदींशी कशी जुळवतात, न जुळल्यास इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कसं अडकतं, हे हाताखालून दोन-तीन महिन्यांचं गेलं पाहिजे. तुम्ही शिकलात ते हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीही बदललंय, २०२० पासून टॅलीप्राइम आलं. पण ज्याला नोंदींचं नावे-जमा पक्कं आहे त्याला ते आठवड्यात हाताळता येतं. मग मुलाखतीत तुम्ही म्हणू शकाल, ‘मी गेले तेव्हा व्हॅट होता. जीएसटी मी आता शिकले. मागच्या महिन्यात एका व्यापाऱ्याची २बी जुळवताना सात बिलं सापडत नव्हती, पुरवठादाराने चुकीचा नंबर टाकला होता.’ असं एखादं उदाहरण तुम्हाला तिथे नक्की भेटेल.

राहिला दुसरा प्रश्न, ‘मुलीला कोण बघणार?’ तो विचारलेला ऐकला की माझ्या अंगाचा आजही तिळपापड होतो. १९८८ मध्ये मी सातपूरला एका कंपनीत पहिल्या मुलाखतीला गेले होते. तिथल्या साहेबांनी माझी मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. ‘लग्न झाल्यावर सोडणार असशील तर आमचा वेळ का घालवतेस?’ म्हणाले. मला काहीही बोलता आलं नाही. बाहेर पडले आणि त्र्यंबक नाक्याच्या स्टॉपवर रडत उभी राहिले. घरी आईला सांगितलं, की जागा भरली होती. पुढे मी स्वतः टेबलाच्या आत आले तेव्हा आमच्या अर्जातली, फक्त मुलींना भरायला लावायची, ती लग्नाची ओळ काढून टाकायला मला चार वर्षं भांडावं लागलं. ती निघाली, याचा मला आजही अभिमान आहे.

बाई आहे म्हणून भरतीत भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. आताच्या वेतन संहितेतही ती आहे. हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे मान खाली जाणार नाही. मात्र त्या खुर्चीत बसून कायदा वाचून दाखवल्याने नोकरी मिळत नाही. तिथे एवढंच म्हणा, ‘कामाच्या वेळेत मी पूर्ण उपलब्ध आहे. मार्चअखेर आणि रिटर्नच्या तारखांना थांबावं लागतं ते मला माहीत आहे, त्याची घरी व्यवस्था केली आहे.’ सासू-सासरे, शेजारीण, पाळणाघर यातलं काही सांगायचं कारण नाही. तरीही ते घरातच शिरत राहिले, तर ती जागा आपली नाही समजून आभार मानून उठा. या वेळी मान वर ठेवून.

मॅडम, मुलाखतीला टाय लावावा का? आणि पांढराच शर्ट लागतो का?
— एक विद्यार्थी, पंचवटी

नको आणि नाही. धुतलेला, इस्त्री केलेला कुठलाही फिका शर्ट, गडद पँट, पुसलेले बूट. कारखान्यातली मुलाखत असेल तर चप्पल-सँडल घालून जाऊच नकोस, शॉप बघायला आत नेलं तर गेटवरच अडवतील. मुलींनी पंजाबी ड्रेस घातला तर ओढणी पिनने पक्की करावी, तेही मशीनमुळेच.

कपड्यांपेक्षा पोचण्याची काळजी कर. पंचवटीतून अंबडला जायचं तर वाटेत द्वारका आणि मुंबई नाका आहे, सकाळी तिथे किती वेळ जाईल याचा नेम नसतो. सिटीलिंकच्या बसने जाणार असशील तर आदल्या दिवशी त्याच वेळेला एकदा जाऊन ये. कॉल लेटरवरचा पत्ता नीट वाच. कित्येक कंपन्यांचा एक प्लांट सातपूरला आणि दुसरा अंबडला असतो. चुकीच्या गेटवर उभं राहून फोन करणारी मुलं मला दरवर्षी भेटली, आणि त्यातली दोन-तीन खरोखर हुशार होती. गेटवर रजिस्टर, पास, मोबाइल जमा करणं यात पंधरा-वीस मिनिटं जातात, ती धरून निघ. सिक्युरिटीच्या काकांशी नीट बोल. आमच्याकडे ते संध्याकाळी सांगायचे, कोण कसं वागलं. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ने.

नमस्कार मॅडम. मी बी.ई. मेकॅनिकल, फ्रेशर. मुलाखतीत ‘पगाराची अपेक्षा?’ विचारल्यावर काय सांगावं ते कळत नाही. एका मित्राला तीन लाखांचं पॅकेज मिळालं, पण हातात वीस हजारच येतात. त्याला फसवलं का?
— एक वाचक, गंगापूर रोड

फसवलं असंच काही नाही, बहुधा त्याने विचारलं नाही. तीन लाख सीटीसी (कंपनीला त्याच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला २५,००० रुपये. यात कंपनी स्वतःच्या खिशातून भरते तेही धरलेलं असतं. त्याचा बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,००० धरू. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२२. हे वजा झालं की पगारपत्रकावर २२,४७८ दिसतील. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला, की हातात २०,४७८. बोनस किंवा कँटीन, बस यांचे पैसे सीटीसीतच धरले असतील तर आणखी कमी. पीएफचे दोन्ही वाटे मात्र त्याच्याच नावावर जमा होतात, कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो, ते गेले असं समजू नये.

म्हणून अपेक्षा विचारली की आधी कामाचं विचार : शिफ्ट आहेत का, ट्रेनी म्हणून किती महिने, नंतर कायम करण्याची पद्धत काय. मग म्हण, ‘या कामाला तुमच्याकडे फ्रेशरला जो पगार असेल तो मला मान्य आहे. हातात किती येईल ते कळलं तर बरं.’ हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. आकडा सांगायलाच लावला, तर मित्रांकडून चौकशी करून ठेवलेला सांग आणि एकदा सांगितला की त्यावर ठाम राहा. बाहेर गेल्यावर फोन करून वाढवू नये. यामुळे आम्ही दोन चांगली मुलं गमावली आणि त्या मुलांनीही नोकरी गमावली.

एक वर्ष कंपनी सोडायची नाही असा बाँड असेल, तर सही करण्याआधी घरी नेऊन वाच. आणि मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नकोस. मूळ कागद दाखवायचा, द्यायची ती झेरॉक्स.

ताई, मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगा बी.एस्सी. ॲग्री झाला. स्वभावाने अबोल. एका द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसमध्ये मुलाखतीला गेला, दहा मिनिटांत परत आला. म्हणतो, ‘मला काही बोलताच आलं नाही.’ घरची चार एकर बाग तोच बघतो, फवारणीची वहीसुद्धा तोच लिहितो. आता नाशिकमध्ये एक जण भेटला, तो म्हणतो २५,००० रुपये भरा, मुलाखतीचं मी बघतो. पैसे द्यावे का? आणि पुढच्या वेळी मी मुलाबरोबर आत गेलो तर चालेल का?
— एक वाचक, निफाड

दादा, पैसे देऊ नका. हे पत्र छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून संपादकांकडून मी तुम्हाला आधीच निरोप पाठवला आहे. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, डिपॉझिट, नाव काहीही असो, आधी पैसे मागितले की तिथून मागे फिरायचं. माझ्या नोकरीच्या काळात आमच्या गेटवर खोटं ऑफर लेटर घेऊन आलेली पोरं मी पाहिली आहेत, बरोबर त्यांचे वडील. कांदा विकून आणलेले पैसे गेलेले असायचे. त्या लेटरवर आमचा शिक्का नाही, हे त्यांना सांगताना माझाही गळा दाटून यायचा. कुणाला आधीच पैसे दिले असतील तर लाज न बाळगता पोलिसांत तक्रार द्या, ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

आता मुलाबद्दल. तुम्ही आत जाऊ नका. तुमची माया मला कळते, पण वडील शेजारी बसले की पॅनेलला मुलगा दिसत नाही. त्याला गेटपर्यंत सोडा आणि बाहेर चहाच्या टपरीवर थांबा.

तुम्ही जाता जाता लिहिलेली फवारणीची वही मात्र मला सोन्यासारखी वाटली. निर्यातीच्या द्राक्षात सगळा जीव रेसिड्यूवर टांगलेला असतो. युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला की माल अडकतो. म्हणून कुठलं औषध, किती मात्रेत, कुठल्या तारखेला, आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबलो, ही नोंद पॅकहाऊसला जिवापाड लागते. तुमचा मुलगा ती नोंद घरच्या बागेत ठेवतो! मुलाखतीला बसलेल्या माणसाला गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून हीच वही लिहून घ्यायची असते आणि ती कुणी धड लिहून देत नाही. हे त्या माणसाला कळलं असतं तर मुलाखत दहा मिनिटांत संपली नसती.

अबोल मुलांबद्दल माझा अनुभव चांगला आहे. त्यांना ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की ती गप्प होतात, पण हातात वस्तू दिली की बोलतात. तेव्हा त्याने वस्तू घेऊनच जावं. ती वही फोल्डरमध्ये ठेवावी आणि पहिल्या प्रश्नालाच म्हणावं, ‘सर, आमची चार एकर बाग आहे, ही तिची फवारणीची वही, मी लिहितो.’ पुढचे प्रश्न वहीतूनच निघतील. गोडी (फळासाठीची) छाटणी कधी घेतली, डाऊनी हा बुरशीचा रोग आला तेव्हा काय केलं, अवकाळी पावसानंतर कुठली फवारणी टाळली आणि का, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) किती आल्यावर काढणी धरली. एखाद्या वर्षी चुकलं असेल, माल परत आला असेल, तर तेही सांगावं. आपली चूक कशी कळली हे सांगू शकणारा मुलगा क्वालिटीच्या कामाला फार लागतो.

सराव तुम्हीच घ्या. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसा. तुम्ही साहेब व्हा, तो उमेदवार. बागेबद्दल असं विचारा जणू तुम्ही कधी द्राक्षाचा घड पाहिलेला नाही. चार-पाच रात्री केलंत तर जीभ मोकळी होईल. एक अट : तो चुकला तरी मध्ये बोलायचं नाही. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. बापलेकांत हे अवघड असतं, मला ठाऊक आहे, पण तुम्हाला जमेल.

जिथे एकदा जमलं नाही त्याच पॅकहाऊसला पुन्हा अर्ज करायलाही हरकत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांना माणसं लागतातच. अर्जाबरोबर त्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडा. निकाल काहीही लागो, त्याला आत काय काय विचारलं ते मला सविस्तर लिहा. पत्र त्याने स्वतः लिहिलं तर मला जास्त आवडेल.